छोटा डीएसएलआर घ्यायचाय? मग दुकानात तासभर हे करून पाहा

मागच्या रविवारी भाचीला घेऊन नागपुरात बर्डीवर गेलो होतो, तिला कॅमेरा घ्यायचा होता. ती आर्किटेक्चरला आहे, महाल भागातल्या जुन्या वाड्यांचे फोटो काढायचेत, मारबत (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मिरवणूक) काढायची, फुटाळा तलावावरची संध्याकाळ काढायची आणि व्हिडिओबिडिओ काही नको, फक्त फोटो. आठवडाभर यूट्यूब पाहून तिने मोबाईलमध्ये एक तक्ता केला होता, मेगापिक्सेल किती, आयएसओ (कमी उजेडात फोटो उजळ करायची ताकद) किती, सेकंदाला फोटो किती, आणि शेवटी मला म्हणते, "मामा, सगळे सारखेच दिसून राहिले, कोणता घेऊ?" आणि तिचं काही चुकत नव्हतं, कागदावर हे कॅमेरे खरंच सारखे आहेत. फरक आहे तो हातात घेतल्यावर, डोळ्याला लावल्यावर आणि दोन-तीन बारीक गोष्टींत आहे ज्या तक्त्यात कोणी लिहीत नाही. त्या दिवशी आम्ही काय काय करून पाहिलं ते सगळं इथे लिहितो, कारण दर महिन्याला कोणी ना कोणी हाच प्रश्न विचारतं आणि फोनवर नीट सांगता येत नाही.

आधी नावं समजून घ्या, नाहीतर रिव्ह्यू वाचताना गोंधळ होतो. कॅनन एकाच कॅमेऱ्याला देशागणिक वेगळं नाव देतं. आपल्याकडचा २००डी मार्क टू म्हणजे युरोपातला २५०डी आणि अमेरिकेतला रेबेल एसएल३, आपला १५००डी म्हणजे तिकडचा २०००डी किंवा रेबेल टी७. निकॉनचं सोपं आहे, डी३५०० सगळीकडे डी३५००च. लहान, हलका, पहिला डीएसएलआर म्हटलं की आजही फिरून फिरून हीच नावं येतात: कॅनन २००डी (२०१७), २००डी मार्क टू (२०१९), १५००डी (२०१८), निकॉन डी३५०० (२०१८) आणि थोडा वरचा डी५६०० (२०१६). कंपन्यांचं सगळं लक्ष आता मिररलेसकडे (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे) आहे, निकॉनने डी३५०० आणि डी५६०० बनवणं बंद केलंय, म्हणून हे कॅमेरे बरेचदा जुनेच घ्यावे लागतात. पण फोटोसाठी ते आजही उत्तम आहेत, आणि जुन्या बाजारात लेन्स इतक्या मिळतात की कमी पैशात शिकायला याहून चांगला रस्ता मला तरी माहीत नाही. कॅननचा ३०००डी पण दिसेल, स्वस्त असतो, पण त्यात लेन्स बसते ती रिंगसुद्धा प्लास्टिकची आहे, स्क्रीन २.७ इंचाची आणि बारीक डिटेल न दाखवणारी. थोडे पैसे जमवा पण तो नका घेऊ.

घरीच ठरवायचं: फोटो कशाचे काढणार

दुकानात जायच्या आधी एका कागदावर पुढच्या वर्षभरात नक्की काढणार अशा पाच फोटोंची नावं लिहा. "लँडस्केप, पोर्ट्रेट" असं नका लिहू, खरे फोटो लिहा. भाचीने लिहिलं: वाड्याचा चौक आतून, लाकडी खांबावरचं कोरीवकाम, मारबतीची गर्दी, आजीचा खिडकीजवळचा फोटो, आणि रामटेकचं मंदिर खालून. आता यातून लेन्स ठरते, आणि बॉडीच्या (लेन्स सोडून बाकी कॅमेऱ्याच्या) आधी लेन्स ठरवायची असते, उलटं करणारे सगळे पस्तावतात.

चौक आतून काढायचा तर वाइड लेन्स लागेल. कॅननमध्ये १०-१८ एसटीएम आहे, निकॉनमध्ये १०-२० एएफ-पी आहे, दोन्ही हलक्या आहेत आणि दोन्हींत थरथर आवरायची सोय आहे. खिडकीजवळची आजी म्हणजे एफ १.८ ची लेन्स (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त आत येतो): कॅननची ५० एमएम एसटीएम फक्त १६० ग्रॅमची आहे, निकॉनची ३५ एमएम १.८. इथे एक हिशोब लक्षात ठेवा, या कॅमेऱ्यांचा सेन्सर फुल फ्रेमपेक्षा (जुन्या फिल्मच्या फ्रेमएवढ्या सेन्सरपेक्षा) लहान असतो, कॅननमध्ये १.६ ने गुणायचं आणि निकॉनमध्ये १.५ ने. म्हणजे कॅननवर ५० ची लेन्स ८० सारखी दिसते, आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत तिच्या फोटोत आजी बसेल पण आजीची खुर्ची बसणार नाही. निकॉनची ३५ मात्र ५२ सारखी दिसते, घरात वापरायला ती फार छान. कॅननवाल्यांनी घरासाठी २४ एमएम एफ २.८ ची चपटी लेन्स पाहावी, १२५ ग्रॅमची आहे, कॅमेऱ्याला लावली की लावलीये हेच कळत नाही.

तुमच्या यादीत ताडोबा, पेंच किंवा उमरेड-कऱ्हांडला असेल (नागपूरकराच्या यादीत असतंच) तर कॅननची ५५-२५० एसटीएम किंवा निकॉनची एएफ-पी ७०-३०० व्हीआर. पहिली ४०० सारखी पोचते, दुसरी ४५० सारखी. पक्षी जास्त असतील तर हा फरक दिसतो, वाघ रस्त्यावर बसला असेल तर दोन्ही पुरतात.

निकॉन घेणाऱ्यांसाठी एक पक्की सूचना. डी३५०० आणि डी५६०० च्या बॉडीत फोकसची मोटर नाही, लेन्समध्येच मोटर असावी लागते. लेन्सच्या नावात एएफ-एस किंवा एएफ-पी असेल तर ऑटोफोकस चालतो, नुसतं एएफ असेल, उदाहरणार्थ जुनी ५० एमएम १.८डी, तर हाताने फोकस करावा लागतो. ती लेन्स स्वस्तात मिळते म्हणून लोक घेतात आणि मग विचारतात की फोकस काहून होत नाही.

हात

आता दुकानात. बॅटरी आणि कार्ड टाकून, लेन्स लावूनच कॅमेरा हातात मागा, रिकामी बॉडी हातात घेऊन काही कळत नाही. बॅटरी-कार्डासकट डी३५०० ४१५ ग्रॅम, २००डी मार्क टू ४४९, २००डी ४५३, डी५६०० ४६५, १५००डी ४७५. साठ ग्रॅमचा फरक कागदावर मोठा वाटतो पण खरं पाहायचं ते करंगळीचं. उजव्या हाताने पकडा आणि करंगळी ग्रिपवर बसते की खाली लोंबकळते ते पाहा. २००डी मध्ये माझी करंगळी बाहेर जाते, भाचीची बसते. डी३५०० ची ग्रिप खोल आहे, माझ्यासारख्या मोठ्या पंजाला तीच बरी. पाच मिनिटं तसंच धरून उभे राहा, दुकानदार पाहून राहिला तरी लाजू नका.

मग डोळा व्ह्यूफाइंडरला (मागच्या छोट्या खिडकीला) लावा आणि डोळा न काढता आयएसओ बदला. करून पाहाच. २००डी मध्ये वर आयएसओचं वेगळं बटण आहे, बोट आपोआप जातं. १५००डी मध्ये मागच्या चार बटणांतलं वरचं. डी३५०० मध्ये मात्र त्याचं वेगळं बटण नाही, आय (i) लिहिलेलं बटण दाबून यादीत जावं लागतं. अंधाऱ्या वाड्यातून उन्हात आणि उन्हातून परत आत जाताना हे दिवसातून पन्नास वेळा करायचं असतं. एक्सपोजर कमीजास्त करायला सगळ्यांमध्ये बटण दाबून चाक फिरवायचं आहे, त्यात फारसा फरक नाही.

डोळा

डीएसएलआरचा खरा आनंद व्ह्यूफाइंडरमध्ये आहे, आरशातून आलेला खरा उजेड डोळ्याला दिसतो, स्क्रीन नाही. आणि इथेच तक्ता फसवतो. २००डी चं मॅग्निफिकेशन ०.८७ लिहिलंय आणि डी३५०० चं ०.८५, म्हणजे कॅननचं मोठं, असं वाटतं. पण सेन्सरचा आकार वेगळा असल्याने कॅननला १.६ ने आणि निकॉनला १.५ ने भागा: कॅनन साधारण ०.५४, निकॉन ०.५७. म्हणजे निकॉनचंच चित्र मोठं दिसतं. १५००डी चं ०.८० भागिले १.६, बरोबर ०.५०, तिथे जरा बोगद्यातून पाहिल्यासारखं वाटतं. दोन्ही कॅमेरे एकापाठोपाठ डोळ्याला लावा, आकडे विसरून जाल. चष्मा असेल तर चष्म्यासकट पाहा आणि चारही कोपरे एका नजरेत दिसतात का ते बघा, आणि बाजूचं छोटं डायॉप्टरचं (डोळ्याच्या नंबराप्रमाणे चित्र स्पष्ट करायचं) चाक आधी फिरवून घ्या नाहीतर चांगला कॅमेरा उगाच धुरकट वाटेल.

अजून एक, या सगळ्यांमध्ये व्ह्यूफाइंडर ९५ टक्केच दाखवतो. म्हणजे तुम्हाला न दिसलेली एक पट्टी चारही बाजूंनी फोटोत येते. मारबतीच्या फोटोत कोपऱ्यात कोणाचा तरी हात, कोणाचा तरी मोबाईल येतो तो यामुळेच. सवय झाली की माणूस एक पाऊल पुढे जाऊनच फोटो घेतो.

एकच फोटो, दोन्ही कॅमेऱ्यांत

स्वतःचं मेमरी कार्ड घेऊन जा, खिशात एक जास्तीचं ठेवा. दुकानदाराला सांगा की फोटो घरी जाऊन पाहायचे आहेत, चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. मग हे करा: मोड ए किंवा एव्ही वर (म्हणजे अपर्चर, लेन्सचं भोक, आपण ठरवायचं), लेन्स ३५ वर, अपर्चर एफ ५.६, आयएसओ १००, फाइल रॉ (कॅमेऱ्याने न सजवलेली मूळ फाइल) अधिक जेपेग. दुकानाच्या दारात उभे राहून असा एक फोटो घ्या ज्यात अर्धं आतलं अंधारं दुकान आणि अर्धा बाहेरचा उन्हातला रस्ता येईल. नागपूरचं दुपारचं ऊन म्हणजे कॅमेऱ्याची याहून कडक परीक्षा दुसरी नाही. मग आत येऊन आयएसओ १६००, ३२०० आणि ६४०० वर तोच एक फोटो, काउंटरवरच्या डब्ब्यांचा वगैरे, बारीक अक्षरं असतील असं काहीतरी. प्रत्येक कॅमेऱ्यात तेच, त्याच जागेवरून.

घरी कॉम्प्युटरवर रॉ उघडून अंधाराचा भाग दोन-तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) वर ओढा. तिथे डी३५००, डी५६०० आणि दोन्ही २००डी जवळजवळ सोबत चालतात, निकॉनमध्ये सावली थोडी स्वच्छ निघते. १५००डी मागे पडतो, ओढलेल्या सावलीत दाणे दिसतात, त्याचा सेन्सर जुन्या पद्धतीचा आहे. सगळे २४ मेगापिक्सेलचेच आहेत बरं का, म्हणून मेगापिक्सेल पाहून काही ठरवू नका. आणि जेपेगच्या रंगावरून तर मुळीच नको, तो रंग मेन्यूत जाऊन बदलता येतो.

फोकस, इथे घाई नको

हा भाग बहुतेक लोक करतच नाहीत आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. व्ह्यूफाइंडरमधून फोटो काढताना फोकस सेन्सरवर होत नाही, आरशाखाली वेगळा फोकस सेन्सर असतो त्याच्यावर होतो. तो रस्ता आणि खऱ्या सेन्सरपर्यंतचा रस्ता यात केसाइतका फरक पडला तरी फोकस थोडा पुढे किंवा मागे बसतो. महागड्या कॅमेऱ्यांत हे मेन्यूतून दुरुस्त करता येतं, या छोट्या कॅमेऱ्यांत येत नाही, सर्व्हिस सेंटरलाच द्यावं लागतं. म्हणून घ्यायच्या आधीच पाहायचं.

पेपर टेबलावर सपाट ठेवा, कॅमेरा ट्रायपॉडवर किंवा पुस्तकांच्या चवडीवर ठेवून तिरपा पेपरकडे रोखा. ५० किंवा ३५ ची लेन्स एफ १.८ वर. मधला फोकस पॉइंट निवडा, तो क्रॉस टाइप असतो म्हणजे सगळ्यात भरवशाचा, आणि एका मथळ्यावर फोकस करून फोटो घ्या. मग लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवर पाहून फोटो काढणं) चालू करून त्याच मथळ्यावर परत. असं पाच-पाच वेळा, दर वेळी आधी फोकस बिघडवून. लाइव्ह व्ह्यूत मथळा कडक दिसतो आणि व्ह्यूफाइंडरमधून मात्र दर वेळी त्याच्या खालच्या ओळी कडक दिसतात, असं झालं तर ती बॉडी-लेन्सची जोडी नको. दुसरी मागा. माझ्या पहिल्या कॅमेऱ्यात हाच दोष होता आणि मला तो आठ महिन्यांनी कळला, तोवर बहिणीच्या डोहाळजेवणाचे सगळे फोटो काढून झाले होते, सगळ्यांमध्ये कान स्पष्ट आणि डोळे धुरकट. ते फोटो परत काढता येत नाहीत.

पॉइंट किती हा प्रश्न हलणाऱ्या गोष्टींसाठी आहे. दोन्ही २००डी आणि १५००डी मध्ये ९, डी३५०० मध्ये ११, डी५६०० मध्ये ३९ आणि त्यातले ९ क्रॉस टाइप. उडणारे पक्षी, पोरांची क्रिकेट मॅच असलं काही यादीत असेल तर डी५६०० चे जास्तीचे पैसे वसूल होतात. वाड्यासाठी मधला एक पॉइंट पुरतो. सेकंदाला फोटो सगळ्यांत पाचच आहेत, फक्त १५००डी मध्ये तीन.

आता उलट बाजू. कॅमेरा डोक्यावर उचलून स्क्रीनवर पाहून फोटो घ्या. काळी-पिवळी मारबत इतवारीतून जाते तेव्हा गर्दीत डोळ्याला कॅमेरा लावायला जागाच नसते, हात वर करून घ्यावा लागतो. इथे २००डी (दोन्ही) एकदम वेगळा कॅमेरा वाटतो: स्क्रीन बाहेर काढून फिरवता येते, बोटाने टच केलं की झटकन फोकस, कारण कॅननने यात सेन्सरवरच फोकस करणारी ड्युअल पिक्सेल पद्धत टाकलीये. डी५६०० ची स्क्रीन पण फिरते पण फोकस हळू. डी३५०० आणि १५००डी ची स्क्रीन जागची हलत नाही, टच नाही, आणि फोकस पुढे-मागे डोलत डोलत बसतो, तोवर मारबत पुढच्या चौकात.

बारीक पण चावणाऱ्या गोष्टी

वाडे काढणाऱ्यांनी ब्रॅकेटिंग विचारा, म्हणजे एकाच दृश्याचे कमी-बरोबर-जास्त उजेडाचे तीन फोटो आपोआप. अंधारा सोपा (ओसरी) आणि पांढरं आकाश एका फोटोत आणायला ते लागतं. कॅननच्या तिन्हींत आहे, डी५६०० मध्ये आहे, डी३५०० मध्ये नाही, हाताने करावं लागेल. बाहेरचा फ्लॅश वापरणार असाल तर २००डी मार्क टू च्या हॉट शूमध्ये (वरच्या फ्लॅश बसवायच्या खाचेत) मधली पिन नाही हे माहीत असू द्या, त्यामुळे इतर कंपन्यांचे साधे फ्लॅश आणि ट्रिगर त्यावर पेटत नाहीत. जुन्या २००डी मध्ये पिन आहे. फ्लॅशवाल्यांनी तोच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

किट लेन्सच्या (कॅमेऱ्यासोबतच मिळणाऱ्या लेन्सच्या) नावात कॅननला आयएस आणि निकॉनला व्हीआर लिहिलंय का ते स्वतः वाचा. ही अक्षरं नसलेल्या लेन्ससुद्धा किटमध्ये येतात, दिसायला अगदी सारख्या, आणि अंधारात हात हलला की फोटो हलतो.

बॅटरीत डी३५०० ला तोड नाही, कंपनीच्या मोजणीत एका चार्जमध्ये १५५०, २००डी मार्क टू १०७०, २००डी ६५०, १५००डी ५००. स्क्रीनवर पाहून काढले तर सगळ्यांचेच आकडे धाडकन खाली येतात.

जुना घेत असाल तर

निकॉनच्या फोटोच्या फाइलमध्येच शटर किती वेळा उडालं ते लिहिलेलं असतं, एक फोटो काढून शटर काउंट दाखवणाऱ्या साइटवर टाका. या कॅननमध्ये ते फाइलमध्ये नसतं, तिथे ग्रिपच्या रबराची, बटणांवरच्या अक्षरांची झीज पाहून अंदाज घ्यायचा. या वर्गात साधारण एक लाख हे शटरचं आयुष्य धरतात, पंधरा-वीस हजार झालेला असेल तर निवांत घ्या.

मग अपर्चर एफ २२, फोकस मुद्दाम बिघडवून पांढऱ्या भिंतीचा किंवा आकाशाचा फोटो, काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. धूळ साफ होते, घाबरू नका, पण त्यावरून भाव कमी करा. ओरखडा असेल तर सोडून द्या.

लेन्स काढून मागून मोबाईलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरपं पाहा. कॅननची लेन्स काढली की अपर्चरच्या पाकळ्या उघड्याच असतात, निकॉनची काढली की बंद होतात, मागचा छोटा दांडा बोटाने सरकवून धरावा लागतो. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले की ती बुरशी. मला एकदा एका दुकानदाराने "ती धूळ आहे, पुसून जाईल" म्हणून अशी लेन्स दिली होती, धूळ ठिपक्यांची असते, धागे फुटलेले असतील तर घेऊच नका, दुसऱ्या लेन्ससोबत एका बॅगेत पण ठेवू नका.

नवा घेत असाल तर भारतातल्या वॉरंटीचं कार्ड आणि बिलावर बॉडीचा सीरियल नंबर, दोन्ही घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

घरी आणल्यावर

या कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत वापरायची मर्यादा ० ते ४० अंश लिहिलेली असते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ सहज ओलांडतो. गाडीच्या डिकीत कॅमेरा ठेवून रामटेकला दर्शनाला जाणं बंद करा, पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून पाठीवरच्या बॅगेत सोबत न्या. पावसाळ्यात उलट, तेव्हा बुरशी. त्याला महागडं कपाट लागत नाही, किराण्याचा हवाबंद झाकणाचा मोठा डब्बा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतेचा काटा. काटा ४० ते ५० च्या मध्ये राहिला की झालं. जेलचे दाणे रंग बदलले की कढईत मंद आचेवर तापवून परत वापरता येतात, पण ती कढई मग स्वयंपाकाला परत घेऊ नका, रंगाचे दाणे पोटात जायला नको.

भाचीने शेवटी २००डी मार्क टू घेतला, सोबत किट लेन्स, आणि १०-१८ साठी दिवाळीपर्यंत पैसे जमवायचं ठरलं. मला मनातून डी३५०० आवडत होता, पण करंगळी तिची, वाडेही तिचेच. तिथून आम्ही सरळ महालात गेलो, एका वाड्याच्या आजोबांनी आत बोलावलं, ती उंबऱ्यापाशी खाली बसली, स्क्रीन वर वळवली, आणि दाराच्या पितळी कडीवर बोट टेकवलं. कडीवर हात लागून लागून पडलेली चमक, तिच्या मागे चौकातला तुळशीचा ओटा, आणि ओट्यावर वाळत घातलेल्या मिरच्या. आजोबा स्क्रीनमध्ये वाकून पाहत म्हणाले, "ही कडी माझ्या आज्याने बसवली होती, बेटा, एक कॉपी मला पण दे."